आधी माझा हात

घाडीबाईंना मी पाहिलं त्याच्या आधी आठवडाभर फक्त ऐकलं.

अंधेरी पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर मी दातांचा दवाखाना थाटला, तेव्हा मालकाने एका गाळ्याच्या मधोमध प्लायवूड ठोकून त्याचे दोन गाळे केले होते. प्लायवूड छतापर्यंत पोचलं नव्हतं. वर हातभर फट होती. ती हवेसाठी सोडली आहे असं मालक म्हणाला. माझ्या मते त्याच्याकडचं प्लायवूड संपलं होतं. अलीकडे मी आणि पलीकडे प्रमिला घाडी, फिजिओथेरपिस्ट. बाहेर पॅसेजमध्ये एक लाकडी बाक होता, तो दोघांत मिळून. त्यावर माझे गाल सुजलेले आणि त्यांचे कंबर धरलेले पेशंट शेजारी शेजारी बसत आणि आपापल्या दुखण्याची बढाई मारत.

माझ्या खुर्चीत एक गृहस्थ आ करून बसले होते. मी ड्रिल हातात घेतोय, एवढ्यात वरच्या फटीतून खणखणीत आवाज आला, "मुंग्या आल्या का? नाही ना? मग करंट वाढवते." गृहस्थ तोंडातल्या आरशासकट उठले. तो करंट आपल्यासाठी नाही हे मी त्यांना परोपरीने सांगितलं, पण त्यांना अचानक बँकेत काम निघालं. ते पुन्हा काही आले नाहीत.

मी तणतणत पलीकडे गेलो. बाई टेबलाशी उभ्या होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, पांढऱ्या कोटाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. डाव्या हातात एकही बांगडी नाही, घड्याळही उजव्या मनगटावर. त्या उघड्या डाव्या हातावर दोन रबरी पट्ट्या बांधलेल्या आणि पट्ट्यांच्या वायरी एका करड्या पत्र्याच्या पेटीत गेलेल्या. उजव्या हाताने त्या पेटीचं बटण फिरवत होत्या आणि डोळे मिटून काहीतरी ऐकत असल्यासारखा चेहरा केला होता.

"बाई, तुमच्या आवाजाने माझा पेशंट पळाला," मी म्हणालो.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या ड्रिलच्या आवाजाने माझे पेशंट ताठतात. सैल पडायला दहा मिनिटं जास्त लागतात त्यांना. मी आले का भांडायला?"

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा घेणार ना?" पुढची सात-आठ वर्षं आमचा चहा एकत्र झाला.

पलीकडच्या त्या पेटीला आख्खा परिसर 'करंटची पेटी' म्हणायचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पिंटो नावाच्या माणसाचा छोटासा कारखाना होता, तिथे ती बनलेली. पुढे दोन बटणं आणि एक थरथरणारा काटा. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या दुखऱ्या जागी ठेवायच्या, वरून रबरी पट्टी आवळायची आणि अगदी हलका, तुटक तुटक करंट सोडायचा. सुई नाही, कापाकापी नाही. मिठाचं पाणी असायचं स्टीलच्या वाटीत. त्या वाटीत चुकून कुणी चहा ओतला तर बाईंचा पारा चढायचा. मी एकदा ओतला आहे.

"याने होतं काय नक्की?" मी एकदा विचारलं.

"दुखण्याचा निरोप डोक्याकडे निघालेला असतो ना, त्याच्या रस्त्यात आपण मुंग्या सोडायच्या. तो खोळंबतो. तेवढ्या वेळात मी माणसाला हलवून, वाकवून घेते. बरं करतो तो व्यायाम. पेटी नुसती सवड काढून देते."

"मग लोक पेटीलाच का नमस्कार करतात?"

"कारण व्यायाम स्वतःला करायला लागतो."

बाईंची एक पद्धत होती. करंट आधी स्वतःच्या डाव्या हातावर घ्यायचा. मुंग्या चालायला लागल्या की बटण जरा मागे आणायचं आणि मग तिथून पेशंटला सुरुवात करायची. दिवसभरात जितके पेशंट, तितक्या वेळा. कुणी नवखा घाबरून खाटेच्या कडेला बसला की बाई बाही आणखी वर सारत आणि म्हणत, "आधी माझा हात. मला काही झालं तर तुम्ही पळा." मग हातावर पट्ट्या बांधून त्याच्याशी घरच्या गप्पा मारत उभ्या राहत. बाईंना काहीच होत नाही हे बघून तो आपसूक आडवा व्हायचा. मुंग्या चालल्या पाहिजेत, चावल्या नाही पाहिजेत, हे त्यांचं पालुपद. मी ते फटीतून इतक्या वेळा ऐकलं की एकदा भूल देताना माझ्याच तोंडून निघालं, "चावल्या तर सांगा." पेशंटने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

या पद्धतीला सगळ्यांत मोठा विरोध होता हवालदार सावंतांचा. पोलिसातून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, कंबरदुखीने वाकलेले. त्यांचं म्हणणं एकच, करंट कमी पडतो.

"वाढवा ओ बाई. काय लागतच नाय."

"लागायला नकोच आहे, सावंत."

"मग गुण कसा येणार? औषध कडू पायजे, इंजेक्शन दुखलं पायजे. तुमचं आपलं गुदगुल्या केल्यासारखं."

आणि एकटे सावंतच असं म्हणत नव्हते. बाकावरच्या निम्म्या लोकांचं हेच मत. जोराचा झटका म्हणजे जोराचा इलाज. घाटकोपरला कुणी एकजण असा करंट देतो की माणूस खाटेवरून वर उडतो, असं ते कौतुकाने सांगत आणि बाईंकडे जरा दयेने बघत. आमच्या बाई बिचाऱ्या भित्र्या, असा एकंदर सूर.

मला बाईंची काळजी वाटली. पेशंट जाईल म्हणून मी एक युक्ती सुचवली. पेटीवर दोन बटणं आहेत. करंट न वाढवणारं बटण सावंतांसमोर जोरात फिरवायचं आणि 'घ्या, वाढवला' म्हणायचं. आम्ही दातवाले अशा गोष्टी करतो.

बाई माझ्यावर खरोखर रागावल्या. एरवी त्यांचा राग चहा उकळेपर्यंत टिकायचा, हा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कप पुढे सरकवत म्हणाल्या, "माझे वडील गिरणीत होते. साच्यात हात सापडला, तीन बोटं वळायची बंद झाली. तेव्हा त्यांना असाच करंट द्यायला नेलं. देणाऱ्याने सांगितलं, काही होणार नाही, आणि एकदम बटण फिरवलं. आमचा दादा, वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो, जागेवरून उडाला. घरी आला आणि आईला म्हणाला, परत मला तिथे न्यायचं नाही. नाही गेला. ती बोटं शेवटपर्यंत तशीच राहिली. जेवताना घास डाव्या हाताने घ्यायचा आणि पाव्हणे आले की त्यांच्याबरोबर पंगतीला बसायचा नाही."

मी कप हातात घेतला.

"करंट जास्त झाला त्याचं मला एवढं नाही," त्या म्हणाल्या. "पण 'काही होणार नाही' म्हटलं ना, ते. त्यानंतर त्याने कुठल्या डॉक्टरचं ऐकलंच नाही. मी खोटं बटण फिरवलं तर उद्या खरं फिरवलेलं कोण मानेल?"

मग मला ती उघडी बाही कळली. त्या हाताने त्या रोज, प्रत्येकाला, न बोलता सांगत होत्या की हे खरं आहे, मी बघितलंय. मला त्या बाईंबद्दल त्या दिवशी फार आदर वाटला, आणि तो मी अर्थातच बोलून दाखवला नाही. कपात चहा कमी आहे एवढं म्हणालो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाईंचं चांगलं चाललं होतं. मुलंबाळं नव्हती, लग्नच केलं नव्हतं. चकाल्याला आई आणि त्या. आई अधूनमधून डबा घेऊन यायची आणि माझ्या दवाखान्यात डोकावून मालवणीत विचारायची, "काय डॉक्टर, आज किती दात काढल्यात?" माझा आकडा तिला कधी पसंत पडला नाही.

मग एका पावसाळ्यानंतर बाकावरचा सूर बदलला. सावंत खुशीत दिसू लागले. मिशीवरून हात फिरवत शेजाऱ्याला सांगायचे, "आता बाईंचा हात सुटला. आता कुठे खरा करंट देतात." दुसरा मान डोलवायचा. गर्दी वाढली. फटीतून मलाही अधूनमधून कुणीतरी 'स्स्' केल्याचं ऐकू यायचं, पण त्या आवाजात समाधान असायचं, मिरची झणझणीत निघाली की माणूस करतो तसं. बाई कधीतरी पुटपुटायच्या, "आज मुंग्या उशिरा येतायत. व्होल्टेज कमी दिसतंय." अंधेरीत व्होल्टेज तर रोजच कमी असायचं, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही.

त्याच सुमारास हिराबाई आली. खारदांड्याची कोळीण, अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. एका सकाळी उठली तर अर्धा चेहरा पडलेला. डावा डोळा मिटेना, चहाचा घोट ओठातून खाली गळायचा. पदराने निम्मं तोंड झाकून आली आणि बाईंना म्हणाली, "गिऱ्हाईक म्हावऱ्याकडे बघत नाय गो बाय, माझ्या तोंडाकडे बघतंय. आणि ओरडायला गेलं की हवा जाते निसती. मासे विकणारीने ओरडायचं नाय, तर करायचं काय?"

बाईंनी तिला समजावलं की चेहऱ्याची एक नस सुजली आहे, बहुतेक वेळा आपली आपण बरी होते, तोवर स्नायू सुस्त पडू नयेत म्हणून रोज थोडा व्यायाम, थोडा करंट. हिराबाई यायला लागली. दोघींचं गोत्र जमलं. दोघी सारख्याच तोंडाळ, हिराबाई तर अर्ध्याच तोंडाने.

त्या दिवशी मी एका मुलाची दाढ तपासत होतो. पलीकडून बाईंचा आवाज आला, "थांब, आधी माझा हात." मग बटणाची टिचकी. "येत नाहीत आज लवकर... हां, आल्या. तुझ्या चेहऱ्याला याच्या निम्माच देते." आणि मग हिराबाईची किंकाळी, आणि स्टीलची वाटी फरशीवर गडगडत गेल्याचा आवाज.

मी धावलो. हिराबाई गाल धरून बसली होती, डोळ्यातून पाणी वाहत होतं. बाई भिंतीला टेकून उभ्या. पेटीची पिन त्यांनी उपटून हातात धरली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या खाटेवर कुणी ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मुंगी नाय ती बाय," हिराबाई कण्हत म्हणाली. "विंचू होता."

बाईंनी तिचा गाल उजेडात धरून तपासला. लाल झाला होता, भाजला नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. हिराबाईने पदर ओढून घेतला आणि निघून गेली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मशीन बिघडलंय. मी हातावर बघितलं होतं, डॉक्टर. तुम्ही ऐकलंत ना? मी बघितलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रिक्षातून पेटी मरोळला नेली. पिंटोने चष्मा कपाळावर चढवला, झाकण उघडलं, मीटर लावून एकेक गोष्ट तपासली आणि झाकण परत बसवलं.

"मशीनला काय झालेलं नाय, बाई."

"नीट बघा."

"बघितलं ना. हे घ्या." त्याने पट्टी स्वतःच्या हातावर बांधली, बटण फिरवलं आणि थोड्याच वेळात "बस, बस" म्हणत मागे घेतलं. मग माझ्या हातावर बांधली. काटा तिथेच पोचला आणि माझ्या कोपरापाशी मुंग्या सुरू झाल्या. मग बाईंनी बाही दुमडली. काटा त्याच जागी आला. बाई डोळे मिटून उभ्या. पिंटोने माझ्याकडे पाहिलं, बटण आणखी फिरवलं. बाईंची दोन बोटं आपोआप उडायला लागली. टक टक टक टक. बाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"आल्या?" पिंटोने हळूच विचारलं.

"आता... आता जरा येतायत," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी आपली नाचणारी बोटं पाहिली.

पिंटोने बटण बंद केलं. त्याने घाईघाईने चहा मागवला, तो आम्ही तसाच टाकून निघालो.

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सावंत खूश होते ते यामुळे."

मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. पण बाईच आधी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. पेटी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. सांगतो ते खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेत नस दबली आहे. वर्षानुवर्षं खाटेवर वाकून काम केल्याचा परिणाम. गळ्यात पट्टा आला, मानेचे व्यायाम आले. हात पूर्वीसारखा होईल का, याला त्यांनी खांदे उडवले. बाई दवाखान्यात यायच्या, कुलूप उघडायच्या, झाडून घ्यायच्या आणि बसून राहायच्या. करंट बंद. नवे पेशंट नाहीत, जुन्यांना दुसरीकडचा पत्ता. कोपऱ्यावरच्या केमिस्टला गोदामासाठी जागा हवी होती, त्याच्याशी बोलणं सुरू झाल्याचंही माझ्या कानावर आलं. प्लायवूडच्या पलीकडे इतकी शांतता झाली की माझ्याच ड्रिलचा आवाज मला सहन होईना.

"दुसरा हात आहे ना तुम्हाला," मी म्हणालो. "उजव्यावर बघा."

"डाव्याने मला कळवलं होतं का, की मी बहिरा झालोय म्हणून?" त्या म्हणाल्या. "उजवा कळवेल कशावरून? आणि लोक. तक्रार करतील तर शपथ. त्यांना तर अजून हवा होता."

मी म्हणालो, "मग मी भांडायला कुणाशी जाऊ?" त्यावर त्या नुसत्या हसल्या, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

एका दुपारी मी एकटाच दवाखान्यात बसलो होतो. पॅसेजमध्ये टोपली ठेवल्याचा आवाज आला, मागोमाग मासळीचा वास. पलीकडचं दार उघडलं. पुढचं सगळं मी फटीतून ऐकलं, आणि उठून जाण्याचा सभ्यपणा मला सुचला नाही.

"बाय, पेटी काढ."

"हिराबाई, मी करंट देत नाही आता. बस, आरसा घे. व्यायाम करू."

"व्यायाम मी घरा करते. पेटी काढ."

"अगं, माझ्या हाताला कळत नाही. तुला परत लागेल."

"तुझ्या हाताला नाय कळत तर माझा हात हाय ना."

"तुझा? बर्फात बुडवून बुडवून तो माझ्याहून बहिरा झाला असेल."

स्टूल खरकन ओढल्याचा आवाज आला. हिराबाई बसली असावी. मग म्हणाली, "बरा, हात रांवदे. ही उजवी बाजू बघ तोंडाची. ही धड हाय. हिला सगला कळतं. हिला लाव आधी, मी सांगते तुला. मग तेवढंच पडलेल्या बाजूला लाव."

यानंतर इतका वेळ काही ऐकू आलं नाही की मी खुर्चीवरून उठून फटीखाली जाऊन उभा राहिलो.

"कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं हे," बाईंचा आवाज आला, अगदी हळू. "पेशंटची धड बाजू आधी. मी आपली माझ्या हाताच्या तोऱ्यात."

"तोरा बास झाला. काढ पेटी."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर शून्यापासून सुरू कर. आणि घाई करू नको. म्हावरं विकून झालंय, मना टाइम हाय."

कपाट उघडलं. वाटीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बटणाची ती ओळखीची टिचकी.

"मुंग्या आल्या?"

"नाय."

"आता?"

"नाय. सावकाश."

"आता?"

"आता... आल्या. आल्या गो. चालतायत."

"चावतायत का?"

"नाय. चालतायत निसत्या."

मी खाली बसलो आणि माझं वर्षभर पडून राहिलेलं हत्यारांचं कपाट आवरायला काढलं. काहीतरी करणं भाग होतं, नाहीतर डोळे पुसताना कुणी पेशंट आला असता.

केमिस्टला गोदाम दुसरीकडे शोधावं लागलं. बाईंची उघडी बाही मात्र दिसेनाशी झाली. आता त्या पेशंटचाच धड हात, धड पाय आधी मागायच्या, शून्यापासून सावकाश वर न्यायच्या. वेळ दुप्पट लागायचा, बाक बाहेरपर्यंत भरायचा. त्या प्रत्येकाला सांगत, "माझ्या हाताला कळत नाही. तुम्हाला कळेल ते खरं बोला. सहन करून दाखवू नका, इथे कुणी बक्षीस देत नाही." आपल्याला कळत नाही हे असं रोज उठून सांगायचं म्हणजे काय, ते मला विचारा. एवढ्या वर्षांत 'चुकून दुसरा दात काढला' हे वाक्य मला एकदाही म्हणता आलेलं नाही.

जे पेशंट बोलू शकत नसत, अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेले वगैरे, त्यांच्या वेळी माझी ड्यूटी लागायची. फटीतून हाक यायची, "डॉक्टर, हात." मी ड्रिल ठेवून जायचो, बाही सारायचो. माझ्या हातावर मुंग्या चालल्या की बाई तिथून बटण बरंच मागे घ्यायच्या आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत सुरुवात करायच्या. माझा पेशंट खुर्चीत आ करून बसलेला असायचा. त्याला मी सांगायचो, पाच मिनिटांत करंट घेऊन येतो. यामुळे आणखी काही पळाले, पण तोवर मला सवय झाली होती.

सावंत नाराज झाले. "बाईंचा करंट परत मंदावला," म्हणून घाटकोपरच्या त्या उडवणाऱ्याकडे गेले. महिनाभराने काठी टेकत परत आले, बाकावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो माणूस बरोबर नाय." पुढे त्यांना बाईंनी व्यायामाला लावलं. कंबर बरीच सरळ झाली, पण श्रेय ते शेवटपर्यंत त्या जोराच्या करंटच्या दिवसांना देत राहिले.

हिराबाईचं तोंड होळीपर्यंत जवळजवळ सरळ झालं. बाई म्हणाल्या, निम्मं ते आपलं आपण झालं असतं. मी एकदा बाजारातून जात होतो. मासळीच्या ओळीच्या त्या टोकाकडून अशी आरोळी आली की माझ्या पुढचा माणूस दचकला. मी बाईंना येऊन सांगितलं तर म्हणाल्या, "मला सांगू नका. काल इथे बाकावर बसून ओरडून दाखवलंन तिने. वरच्या मजल्यावरचे खाली आले."

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मी बोरिवलीला स्वतःची जागा घेतली, छतापर्यंत भिंती असलेली. शेवटच्या दिवशी टेम्पोत खुर्ची चढली, कपाट चढलं. माझी खोली इतकी रिकामी झाली की पलीकडचा शब्द न् शब्द घुमत होता. मी निरोप घ्यायला पलीकडे गेलो. काय बोलायचं ते मी येताना ठरवून आलो होतो, बाईंनी ते बोलू दिलं नाही.

"डॉक्टर, जायच्या आधी हात द्या."

खाटेवर पेशंट नव्हता. मी तरी बाही सारली. त्यांनी पट्ट्या ओल्या केल्या, माझ्या हातावर बांधल्या, बटण सावकाश फिरवलं.

"आल्या?"

"आल्या."

त्यांनी काटा कुठे आहे ते वाकून नीट बघून घेतलं, शून्यावर आणला, माझ्या हातावरच्या पट्ट्या सोडल्या. आणि इतक्या दिवसांनी कोटाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. पट्ट्या स्वतःच्या हातावर बांधल्या. काटा वर सरकत होता. तो माझ्या जागेपाशी आला आणि त्यांनी हात थांबवला. डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच, काहीतरी ऐकत असल्यासारखं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं उडत नव्हती, स्थिर होती.

"बाई?"

"गप्प बसा जरा."

बराच वेळ गेला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"येतायत," त्या म्हणाल्या. "लांबून येतायत. पण येतायत."

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बटण शून्यावर आणलं, पट्ट्या सोडल्या, हात टॉवेलने कोरडा केला आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढून तिचं बटण लावलं.

"मग आता परत आधी तुमचा हात?" मी विचारलं.

"छे. एकदा खोटं बोललाय तो," म्हणाल्या आणि दार उघडून बाकाकडे वळल्या. एक नवखी म्हातारी पदर तोंडाशी धरून कडेला बसली होती.

"या आजी. घाबरायचं नाही. तुमचा कुठला हात चांगला आहे? तो पुढे करा."